सव्वाचार कपांचा लिटर

अर्धा लिटर दूध म्हणजे किती कप, असे कोणी विचारले की आपण पटकन 'दोन' असे सांगून मोकळे होतो. हे उत्तर मेलबर्नच्या स्वयंपाकघरात बरोबर ठरते, न्यू जर्सीत दोन टेबलस्पूनांनी कमी पडते, तोक्योत अर्ध्या कपाने चुकते, आणि पुण्यात ते कपाटातला कप कुठला आहे यावर अवलंबून राहते. मी गेली कित्येक वर्षे अमेरिकेत स्वयंपाक करते आहे, आई सांगलीला असते, भाची मेलबर्नला. आमच्या घरच्या पाककृती या तिन्ही ठिकाणांमधून फोनवरून सतत ये-जा करत असतात. त्यामुळे मिलिलिटर आणि कप यांचा हिशोब हा माझ्या रोजच्या व्यवहाराचा भाग आहे, आणि तो मुळापासून समजून घ्यावा असे मला मनापासून वाटत आले आहे.

पहिली अडचण अशी की 'कप' नावाचे एकच माप जगात नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये कप म्हणजे २५० मिलिलिटर, म्हणजे लिटरचा सरळ चौथा हिस्सा; कॅनडातही आता तोच चालतो, जरी तिथल्या जुन्या वह्यांमधला कप २२७ मिलीचा असे. जपानमध्ये स्वयंपाकाचा कप २०० मिलीचा असतो. शिवाय भात शिजवण्याच्या विजेच्या कुकरबरोबर जो प्लास्टिकचा पेला येतो तो १८० मिलीचा असतो, कारण तो 'गो' या जुन्या जपानी मापावरून आलेला आहे. ब्रिटनमधल्या जुन्या पुस्तकांत कप म्हटला की बहुधा अर्धा पिंट, म्हणजे २८४ मिली समजावा लागतो. अमेरिकेचा कप २३६.५९ मिलीचा. भारतात मापाच्या कपांचे जे संच मिळतात त्यांतले काही २५० मिलीचे तर काही २४० मिलीचे असतात, आणि कपाच्या दांड्यावर किंवा तळाशी तो आकडा बारीक अक्षरांत कोरलेला असतो. तो आकडा वाचल्याशिवाय कप वापरायला घेऊ नये, असे मी प्रत्येकाला सांगते.

अमेरिकन कपाचा २३६.५९ हा विचित्र आकडा स्वयंपाकासाठी कोणी बसून ठरवलेला नाही. इंग्लंडमध्ये राणी ॲनच्या काळात, १७०७ साली, मद्य मोजण्याचा गॅलन २३१ घन इंचांचा असावा असे कायद्याने ठरले. पुढे १८२४ साली ब्रिटनने तो गॅलन मोडीत काढला आणि दहा पौंड पाणी मावेल असा नवा, मोठा गॅलन स्वीकारला. पण तोवर स्वतंत्र झालेल्या अमेरिकेने जुनाच गॅलन चालू ठेवला. त्याचा सोळावा हिस्सा म्हणजे आजचा अमेरिकन कप. मला विशेष वाटते ते याचे, की १८९३ साली अमेरिकन सरकारने आपले यार्ड आणि पौंड यांची व्याख्याच मीटर आणि किलोग्रॅम यांच्या आधारे केली, आणि १९५९ पासून इंच म्हणजे बरोबर २.५४ सेंटीमीटर असे ठरले. म्हणजे ज्या कपाला आपण दशमान पद्धतीबाहेरचा समजतो, तो गेली शंभराहून अधिक वर्षे मीटरच्याच आधाराने उभा आहे.

हा कप स्वयंपाकघरात ज्या शिस्तीने वापरला जातो, ती शिस्त मात्र बरीचशी एका शिक्षिकेमुळे रुजली. बॉस्टनच्या पाकशाळेच्या प्रमुख फॅनी फार्मर यांनी १८९६ साली आपल्या पाकशाळेचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यात कप, टेबलस्पून, टीस्पून ही सगळी मापे सपाट भरूनच घ्यायची असा नियम घालून दिला. त्यापूर्वीच्या पाककृतींमध्ये अंड्याएवढे लोणी, चहाचा पेलाभर दूध, मूठभर पीठ अशीच भाषा असे. आपल्याकडे धान्य मोजताना मापावर शीग लावतात की माप सपाट करतात, यावरून दुकानदाराची नियत ओळखली जाई. फॅनी फार्मर यांनी ती शीगच काढून टाकली. पातळ पदार्थांना शीग लागतच नाही हे खरे, पण त्यांच्या बाबतीत काठोकाठ की बोटभर कमी, हा प्रश्न उरतोच, आणि त्याकडे मी शेवटी येणार आहे.

अमेरिकेतल्या दुधाच्या खोक्यावर या सगळ्या गोंधळाचा एक लहानसा नमुना पाहायला मिळतो. अर्ध्या गॅलनच्या खोक्यावर दर्शनी बाजूला १.८९ लिटर असे छापलेले असते. मागच्या बाजूच्या पोषणमूल्यांच्या तक्त्यात मात्र आठ वाढण्या, आणि एक वाढणी म्हणजे एक कप, २४० मिली, असे लिहिलेले असते. आठ गुणिले दोनशे चाळीस केले तर १९२० मिली होतात. खोक्यात तेवढे दूध नसते, पंचवीस-तीस मिली कमी असते. यात फसवणूक काही नाही. पोषणमूल्यांच्या तक्त्यासाठी तिथल्या नियमांनी कप २४० मिलीचा, टेबलस्पून १५ मिलीचा आणि टीस्पून ५ मिलीचा असा गोळाबेरीज करून धरलेला आहे, आणि दूध भरले जाते ते गॅलनाच्या हिशोबाने. एकाच खोक्यावर दोन कप नांदतात. बासुंदी करताना या फरकाचा विचार करण्याचे कारण नाही, कारण ते दूध आटवायचेच असते. पण घरातल्या काचेच्या मापावरची २५० ची रेघ आणि एका कपाची रेघ एकमेकींपासून थोड्या अंतरावर का असतात, हे त्या खोक्यावरून चांगले उमगते.

आता प्रत्यक्ष रूपांतराकडे वळते. मिलिलिटरला २३६.५९ ने भागले की कप मिळतात, हे गणकयंत्र क्षणात सांगते. परंतु २०० मिली म्हणजे ०.८४५ कप हे उत्तर ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या काहीच कामाचे नसते, कारण ०.८४५ कपाचे माप कोणत्याही संचात मिळत नाही. संचात पाव, एक तृतीयांश, अर्धा आणि एक एवढेच कप असतात, आणि बरोबर चमचे. म्हणून उत्तर याच भाषेत हवे. दोनशे मिली म्हणजे पाऊण कप आणि दीड टेबलस्पून. अडीचशे मिली म्हणजे एक कप आणि एक टेबलस्पून. तीनशे मिली म्हणजे सव्वा कप आणि एक टीस्पून. साडेतीनशे मिली म्हणजे दीड कपातून एक टीस्पून काढलेले, आणि हे उत्तर इतके नेमके बसते की ते पहिल्यांदा जुळले तेव्हा मला फार आनंद झाला होता. अर्धा लिटर म्हणजे दोन कप आणि जेमतेम दोन टेबलस्पून. पूर्ण लिटर म्हणजे सव्वाचार कपांतून एक टीस्पून कमी, किंवा चार कप आणि साडेतीन टेबलस्पून.

पाऊण, सव्वा, दीड, साडेतीन. ही उत्तरे मराठीत किती सहज उतरतात ते पाहावे. आमच्या आजीच्या पिढीने शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढे घोकले होते. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. ती पिढी शेराच्या मापांत वाढली होती. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, आणि चार शेरांची पायली. म्हणजे एका शेरात सोळा निळवी. अमेरिकन कपात टेबलस्पून किती? सोळा. गॅलनात कप किती? सोळा. जुन्या रुपयात आणेही सोळाच. यांचा एकमेकांशी संबंध काही नाही. पण जिथे माणूस हाताने आणि डोळ्यांनी मोजतो तिथे तो वस्तूचे निम्मे करतो, निम्म्याचे निम्मे करतो, आणि असे चारदा केले की सोळा भाग होतात. भांड्यातले दूध दोन सारख्या भांड्यांत समसमान ओतणे कोणालाही जमते. त्याचे दहा सारखे भाग करणे कोणालाही नुसत्या नजरेने जमत नाही. म्हणून लिटर आणि कप यांच्यातली खरी तेढ २३६.५९ या आकड्यात नाही असे माझे मत झाले आहे. एक माप दहाने भागले जाते, दुसरे निम्मे-निम्मे होत जाते, आणि दहा व सोळा यांचे टप्पे जुळत नाहीत.

आपल्या देशाने हा जाच एकदा सोसलेला आहे. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तेव्हा चार आण्यांचे पंचवीस पैसे होत होते, पण एका आण्याचे सव्वासहा होत होते, आणि तो पाव पैसा कोणी सोडायचा हा प्रश्न दुकानात रोज उभा राहत असे. वजनमापांचा कायदा १९५६ सालचा. त्यामागोमाग शेर जाऊन लिटर आला. व्यापाराला आणि कारखान्याला त्याचा मोठाच फायदा झाला, कारण त्यापूर्वी गावोगावचा शेर वेगळा असे. तरीही घरातल्या घरात लिटर फारसा शिरला नाही. दूधवाला लांब दांड्याच्या मापाने लिटरभर दूध घालून जातो, पण ते पातेल्यात पडले की पुढचा सगळा हिशोब वाटीचा, फुलपात्राचा आणि पळीचा असतो.

वाटीला अप्रमाण म्हणून नावे ठेवली जातात, ते मला पटत नाही. उकडीच्या मोदकांना एक वाटी पिठीला एक वाटी पाणी लागते. वाटी लहान असो की मोठी, भारतातली असो की परदेशातली, दोन्ही गोष्टी तिनेच मोजल्या असतील तर उकड तशीच होते, फक्त मोदक कमी-जास्त होतात. अशा पाककृतीला मिलिलिटरची गरजच नसते, आणि तिचे कपांत रूपांतर करायचे तर वाटी खोडून कप लिहिले की काम झाले. अमेरिकेत चीक मिळत नाही म्हणून आम्ही कंडेन्स्ड मिल्कचा खरवस करतो, तो याच जातीचा. एक डबा कंडेन्स्ड मिल्क पातेल्यात काढून घ्यायचे, मग त्याच रिकाम्या डब्याने एक डबा दूध आणि एक डबा दही मोजायचे, फेटून वेलची-केशर घालायचे आणि उकडायला ठेवायचे. डब्यावर १४ औंस, ३९७ ग्रॅम असे वजन लिहिलेले असते. त्याचे आकारमान तीनशे मिलीच्या आसपास, म्हणजे सव्वा कप. पण ते कोणाला ठाऊक असण्याचे कारणच नाही, कारण डबा हेच माप आहे, आणि दूध त्यात ओतले की कडेला चिकटलेले गोड दाट दूधही सुटून येते.

अडचण सुरू होते ती पाककृतीत एखादी ठरलेल्या आकाराची वस्तू आली म्हणजे. अंडे वाटीने मोजता येत नाही. पदार्थ घट्ट करणाऱ्या आगर-आगरची पुडी, नारळाच्या दुधाचा डबा, कुकरच्या भांड्यातली पाण्याची रेघ, या गोष्टी आपापले माप घेऊनच येतात, आणि बाकीच्या पातळ पदार्थांना त्यांच्याशी जुळवून घ्यावे लागते. नारळाच्या दुधाच्या डब्यावर ४०० मिली लिहिलेले असते. अमेरिकन पाककृतीत 'एक कप नारळाचे दूध' असेल तर डबा ओतून मोकळे होता येत नाही, कारण त्यात पावणेदोन कपांना थोडेसेच कमी दूध असते. भाताच्या कुकरचे तर ठळक उदाहरण आहे. बरोबर आलेला १८० मिलीचा पेला हरवला आणि त्याच्या जागी अमेरिकन कपाने तीन कप तांदूळ घेऊन भांड्यातल्या तीनच्या रेघेपर्यंत पाणी भरले, तर तांदूळ जवळजवळ चार पेले पडलेले असतात आणि पाणी तिनांचेच. भात टरटरीत राहतो आणि दोष नाहक तांदळाला दिला जातो.

सगळ्यांत फसवा मात्र टेबलस्पून. माझ्या भाचीने मेलबर्नमध्ये आंब्याचे पुडिंग केले, त्याची कृती मीच तिला पाठवली होती आणि ती अमेरिकन होती: आमरस आणि दूध मिळून तीन कप, आगर-आगरची पूड एक टेबलस्पून. "अगं मावशी, हे तर सुरीने कापावं लागतंय," असा तिचा फोन आला. ऑस्ट्रेलियात टेबलस्पून २० मिलीचा असतो. इतरत्र तो तीन टीस्पूनांचा, तिथे चार टीस्पूनांचा. तिचा कप माझ्यापेक्षा सहा टक्क्यांनी मोठा होता, पण चमचा तेहतीस टक्क्यांनी मोठा होता, त्यामुळे आगर-आगर पातळाच्या मानाने सव्वापट पडले होते. कपातला फरक बहुतेक पदार्थ पोटात घालतात. चमच्यातला फरक घालत नाहीत, कारण चमच्याने मोजायच्या गोष्टी या घट्टपणा आणणाऱ्या, फुगवणाऱ्या किंवा खारट करणाऱ्या असतात. तेव्हापासून तिला पाठवायच्या पाककृतीत मी टेबलस्पून हा शब्दच ठेवत नाही. टीस्पून सगळीकडे पाच मिलीचा आहे, तोच लिहिते.

मोजण्याच्या क्रियेतही बरेच काही सांडते किंवा वाढते. पातळ पदार्थांसाठी काचेचा, चोच असलेला कप वापरतात, कारण त्यात रेघेच्या वर जागा असते आणि उचलताना हिंदकळत नाही; पिठासाठीचा कप काठोकाठ भरून सुरीच्या पाठीने सपाट करायचा असतो. दोन्हींचे आकारमान एकच. काचेचा कप मात्र ओट्यावर ठेवून, आपण वाकून, रेघ डोळ्यांच्या पातळीत आणून पाहावा लागतो. पाण्याची कड काचेला लागून किंचित वर चढलेली असते, ती सोडून मधला सपाट भाग रेघेशी जुळवायचा. हा सोपस्कार वाटेल, पण हिशोब करून पाहावा: कपाचे तोंड साडेआठ सेंटीमीटर रुंद असेल तर तीन मिलिमीटरची चूक म्हणजे सतरा मिली, एक टेबलस्पूनपेक्षा जास्त. अडीचशे मिली आणि एक कप यांतला फरक त्याहून लहान आहे. म्हणजे हातात कप धरून वरून पाहणाऱ्याने २३६ की २४० की २५० हा वाद घालण्यात अर्थ उरत नाही.

म्हणून मी शक्यतो वजनकाटा वापरते. काट्यावर पातेले ठेवून तो शून्यावर आणला की पाण्याच्या बाबतीत ग्रॅम म्हणजेच मिलिलिटर. खोलीच्या तापमानाने पडणारा फरक अडीचशेमागे एका ग्रॅमचा असतो. दूध आणि दही पाण्याहून थोडे जड असतात, अमेरिकन कपभर दूध २४४ ग्रॅम भरते, आणि तेवढा फरक सोडून द्यायला हरकत नाही. तेल आणि मध यांना मात्र ही सवलत देता येत नाही. कपभर तेल २१८ ग्रॅम भरते आणि कपभर मध ३४० ग्रॅम, म्हणून ज्या पाककृतीत मध मिलिलिटरमध्ये दिला आहे तो काट्यावर तेवढेच ग्रॅम घेतला तर पदार्थात गोडी कमी पडणार हे नक्की. आपल्याकडे तेलाच्या पिशवीवर १ लिटर आणि शेजारी ९१० ग्रॅम असे छापलेले असते ते याचमुळे. तेल तापले की पसरते, म्हणून किती तापमानाचा लिटर हाही प्रश्न उभा राहतो. काही कंपन्या जास्त तापमानाचा लिटर छापत होत्या आणि त्यामुळे पिशवीत ग्रॅम कमी येत होते. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तापमानाचा उल्लेख काढून आकारमानाबरोबर खरे वजन छापण्याचे निर्देश दिले, ही गोष्ट मला स्वयंपाकघराच्या दृष्टीने महत्त्वाची वाटते.

आईच्या पाककृतींचा प्रश्न बरेच दिवस तसाच होता. तिच्या शेवयांच्या खिरीला तीन वाट्या दूध लागते, शेवया मूठभर आणि कंडेन्स्ड मिल्क पाव डबा. मूठ आणि डबा ठरलेले, तेव्हा वाटी किती हे कळायलाच हवे होते. तिच्याकडे आता डिजिटल काटा आहे. व्हिडिओ कॉलवर मी तिला रिकामी वाटी काट्यावर ठेवायला सांगितली, शून्य करायला सांगितले आणि मग पाणी भरायला सांगितले. "काठोकाठ भरू, की मी रोज घेते तशी?" असे तिने विचारले. हा प्रश्न मला सुचला नव्हता, आणि सगळ्या हिशोबात तोच महत्त्वाचा होता. दोन्ही भरून पाहिल्या. काठोकाठ वाटी १९० ग्रॅम भरली, रोजची १७०. दूध उचलून पातेल्यापर्यंत न्यायचे असते, त्यामुळे कोणीही गृहिणी वाटी काठोकाठ भरत नाही, आणि तिचे माप त्या वरच्या रिकाम्या बोटासकट ठरलेले असते. तीन रोजच्या वाट्या म्हणजे ५१० मिली. माझ्या कपांनी दोन कप आणि अडीच टेबलस्पून, भाचीच्या कपांनी दोन कप आणि दोन टीस्पून. तिघींच्या वह्यांत आता खिरीपुढे ५१० मिली असे लिहिलेले आहे, आणि आईच्या वहीत त्याच्या शेजारी तिने स्वतःच्या अक्षरात 'रोजच्या वाटीने' अशी भर घातली आहे.